पाश्चात्य संस्कृती कोणाच्या मालकीची?



आपल्या कुटुंबाने धम्माचा स्वीकार केल्यापासून दोन बोल तुमच्या कानांवर वारंवार पडत असतील. पहिला बोल गावच्या पारावरून येतो. "समता, समता म्हणून जे तुम्ही बोलता ते सारे साहेबाच्या देशातून आणलेले आहे. ते या मातीतले नाही. बाबासाहेब विलायतेत शिकले म्हणून तुम्हांला हे सुचले." दुसरा बोल याहून अधिक बोचतो, कारण तो आपल्याच घरातून येतो. जळगावच्या किंवा धुळ्याच्या कॉलेजात शिकणारा आपला मुलगा सुट्टीत घरी येतो आणि म्हणतो, "विद्या, विज्ञान, स्वातंत्र्य म्हणून जगात जे काही झाले ते युरोपात झाले. आपल्या देशाने जात दिली. दुसरे काय दिले?"

पहिला बोल द्वेषातून निघाला आहे, दुसरा संतापातून. संतापाचे कारण आपण सारे जाणतो आणि म्हणून त्या मुलावर रागावण्याचे कारण नाही. परंतु पारावरचा गृहस्थ आणि आपला मुलगा या दोघांची मूळ समजूत मात्र एकच आहे. ती अशी की, पाश्चात्य संस्कृती नावाची एक जमीन आहे, तिचा सातबारा गोऱ्या लोकांच्या नावावर आहे, आणि इतर कोणी तीत पाऊल टाकले तर त्याने एक तर कूळ म्हणून टाकावे, नाही तर चोर म्हणून. ही समजूत खोटी आहे. ती का खोटी आहे, आणि ती मनातून काढून टाकण्याची गरज आपल्या घरांना इतरांपेक्षा अधिक का आहे, हे प्रस्तुत लेखात सांगावयाचे आहे.

उसनवारीतून उभी राहिलेली इमारत

प्रथम त्या संस्कृतीचा उगम पाहू. तुमचा मुलगा ज्या अक्षरांनी इंग्रजी लिहितो ती अक्षरे इंग्रजांनी केलेली नाहीत. ती रोमन लोकांची आहेत. रोमनांकडे ती ग्रीकांपासून आली, आणि ग्रीकांनी ती इसवी सनापूर्वी आठव्या शतकाच्या सुमारास फिनिशियन व्यापाऱ्यांकडून घेतली. हे फिनिशियन आज ज्या किनाऱ्याला लेबनॉन म्हणतात तेथले, म्हणजे आशियातले. घड्याळातल्या तासाची साठ मिनिटे आणि मिनिटाचे साठ सेकंद ही बाबिलोनच्या गणिताची देणगी आहे. तो देश आजचा इराक. ग्रीक तत्त्वज्ञानाचा आरंभ ज्या थेलीसपासून सांगण्याचा प्रघात आहे तो मायलीटस नगराचा रहिवासी होता, आणि ते नगर आजच्या तुर्कस्तानच्या किनाऱ्यावर होते. ज्या ख्रिस्ती धर्माने युरोपला हजार-दीड हजार वर्षे आपल्या छायेखाली ठेवले, त्याचा संस्थापक पॅलेस्टाइनमध्ये जन्मला. ज्या कागदावर युरोपची सारी ग्रंथसंपदा छापली गेली तो कागद चीनमध्ये निघाला आणि अरबांच्या हातांतून स्पेनला पोचला. धातूच्या सुट्या खिळ्यांनी ग्रंथ छापण्याची कला जर्मनीत गुटेनबर्गने १४५० च्या सुमारास सिद्ध केली ही गोष्ट खरी. पण मातीचे सुटे खिळे चीनमधील बी शेंग नावाच्या कारागिराने त्याच्या चारशे वर्षे आधी केले होते.

ग्रीकांची विद्या तरी युरोपने सलग सांभाळली काय? तसेही नाही. पश्चिम युरोपातील रोमन सत्ता पाचव्या शतकात कोसळल्यावर तेथे ग्रीक भाषा वाचणारे फार थोडे उरले. ॲरिस्टॉटलचे ग्रंथ बगदादच्या विद्वानांनी अरबीत उतरवून घेतले. स्पेनमधील टोलेडो नगरात बाराव्या शतकात मुसलमान, यहुदी आणि ख्रिस्ती पंडित एकत्र बसून अरबी ग्रंथांची लॅटिन भाषांतरे करीत, तेव्हा युरोपला आपल्याच म्हणविल्या जाणाऱ्या पूर्वजांची पुन्हा ओळख झाली.

बंधूंनो, यात युरोपची निंदा नाही. घेणे हा दोष नव्हे. ज्यांनी बाहेरून आलेल्या विद्येला दार उघडले ते वाढले. ज्यांनी ती कोणाच्या हातची आहे हे आधी विचारले ते खुंटले. पारावर बसून आपल्याला "हे विलायती, ते विलायती" म्हणून हिणवणाऱ्या गृहस्थाला एकच गोष्ट विचारा. ज्या हिरव्या मिरचीवाचून खानदेशाचे वांग्याचे भरीत होत नाही, ती मिरची कोठची? ती अमेरिका खंडातली. कोलंबस १४९२ साली तिकडे गेल्यानंतर पोर्तुगीजांच्या गलबतांतून ती आपल्या किनाऱ्याला लागली. भुईमूगही तिकडचाच. मिरची जिभेला चालते, रेल्वे प्रवासाला चालते, देवीची लस दंडाला चालली, आणि समता तेवढी परकी म्हणून बाटवते, हा न्याय कोणता? जे घेण्याने आपला अधिकार कमी होत नाही ते घ्यायचे आणि जे घेण्याने तो कमी होतो त्याला परके म्हणायचे, असा हा न्याय आहे. त्याला संस्कृतिप्रेम म्हणत नाहीत.

मिलिंद या नावाचा अर्थ

आता उलट बाजू पाहू. आपल्या वस्तीत एखादा तरी मिलिंद असेलच. १९५० साली औरंगाबादेस बाबासाहेबांनी जे महाविद्यालय काढले त्यालाही त्यांनी हेच नाव दिले. हे नाव एका ग्रीक राजाचे आहे. मिनँडर हा इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात वायव्य हिंदुस्थानात राज्य करीत होता. भिक्खू नागसेनाशी त्याचा जो संवाद झाला तो 'मिलिंदपञ्ह' या पाली ग्रंथात ग्रथित आहे. त्या संवादाच्या आरंभी नागसेनाने एक अट घातली. पंडित जसा वाद करतात तसा वाद करणार असशील तर बोलेन. राजे जसा करतात तसा करणार असशील तर बोलणार नाही. पंडित वादात हरला तरी रागावत नाही. राजा मात्र विरोध करणाऱ्याला दंड करतो. मिलिंदाने अट मान्य केली. ज्याला आज विचारस्वातंत्र्य म्हणतात आणि जे युरोपचे खास वैशिष्ट्य म्हणून शिकविले जाते, त्याचे याहून स्पष्ट उदाहरण क्वचितच सापडेल. तेथे प्रश्न विचारणारा ग्रीक परंपरेतला आणि अट घालणारा बुद्धाच्या परंपरेतला होता. पूर्व आणि पश्चिम अशी भिंत त्या दोघांमध्ये कोणी घातली नव्हती.

हा एकच प्रसंग असता तर तो अपवाद म्हणून सोडून देता आला असता. परंतु सम्राट अशोकाने आपल्या तेराव्या शिलालेखात पश्चिमेकडील पाच ग्रीक राजांची नावे घालून त्यांच्या मुलखात धम्माचा संदेश पोचल्याचे सांगितले आहे. अफगाणिस्तानात कंदाहार येथे १९५८ साली अशोकाचा जो लेख सापडला तो ग्रीक आणि ॲरेमाईक या दोन भाषांत कोरलेला आहे. बुद्धाच्या देशाचा राजा ग्रीकांशी ग्रीकांच्या भाषेत बोलत होता. महाराष्ट्रात कार्ल्याच्या चैत्यातील खांबांवर, जुन्नरच्या आणि नाशिकच्या लेण्यांत, स्वतःला यवन म्हणविणाऱ्या दात्यांची नावे आहेत. जुन्नरला इरिल नावाच्या यवनाने पाण्याची दोन टाकी दिली. पाणी देणारा परदेशी होता, पिणारा भिक्खू होता, आणि त्या पाण्याला विटाळ झाला नाही. महाडच्या तळ्याची आठवण ज्या समाजाच्या काळजावर कोरलेली आहे, त्याला या दोन टाक्यांचे मोल निराळे समजावून सांगावयास नको.

हे यवन येथे आले कसे? पहिल्या शतकात एका ग्रीक भाषी व्यापाऱ्याने तांबड्या समुद्रापासून हिंदुस्थानापर्यंतच्या बंदरांची जी माहिती लिहून ठेवली, तीत भडोच बंदर आणि तेथून वीस दिवसांच्या वाटेवर असलेले पैठण यांचा उल्लेख आहे. पैठणचा माल गाड्यांतून भडोचला जाई. नकाशा उघडा आणि बोट ठेवून पाहा. भडोच आणि पैठण यांच्यामध्ये तापीचे खोरे आहे आणि त्याच्या दक्षिणेस सातमाळ्याचे डोंगर आहेत. म्हणजे आपला खानदेश आहे. चाळीसगावच्या दक्षिणेस त्याच डोंगरांत पितळखोऱ्याची लेणी आहेत. ती इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या सुमारास कोरावयास आरंभ झाला. तेथे पैठणच्या गंध्याने दिलेल्या दानाचा लेख आहे, आणि तेथील यक्षाच्या मूर्तीवर ती घडविणाऱ्या कान्हदास नावाच्या सोनाराने आपले नाव कोरले आहे. आपले हात कोणत्या कुळातले हे त्याने लिहिले नाही; त्या हातांनी काय केले एवढेच लिहिले.

तेव्हा "आपल्या देशाने जात दिली, दुसरे काय दिले?" असे विचारणाऱ्या मुलाला पितळखोऱ्याला घेऊन जा. जातीने जे गाडले तेही याच देशाने दिले होते, हे त्याला तेथे दिसेल.

पिसा आणि पाटणे

मग युरोप पुढे गेला आणि आपण मागे राहिलो ते कशामुळे? या प्रश्नाचे सारे उत्तर एका लेखात देता येणार नाही. पण त्याचा एक भाग आपल्याच चाळीसगाव तालुक्यात दगडावर कोरलेला आहे.

पाटणे येथे शके ११२८ चा, म्हणजे इसवी सन १२०६-०७ च्या सुमाराचा, एक शिलालेख आहे. थोर गणिती भास्कराचार्य यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघण याच्या दरबारी ज्योतिषी होता. आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्याने पाटणे येथे मठ स्थापन केला आणि तेथील निकुंभ घराण्यातील अधिपतींनी त्याला दान दिले. भास्कराचार्यांचा 'सिद्धान्तशिरोमणि' ११५० सालचा. शून्य आणि नऊ अंक यांच्या जोरावर केवढे गणित करता येते हे त्या ग्रंथात दिसते. त्या काळच्या युरोपात तसे गणित जाणणारे नव्हते.

आता त्याच सुमारास इटलीत काय घडत होते ते पाहा. पिसा नगराच्या एका जकात अधिकाऱ्याचा मुलगा लिओनार्डो, ज्याला पुढे फिबोनाची म्हणू लागले, तो बापाबरोबर उत्तर आफ्रिकेतल्या बंदरात वाढला. तेथे त्याला हिंदुस्थानी अंकांनी हिशेब करण्याची रीत शिकावयास मिळाली. हे अंक बगदादच्या अल्-ख्वारिझ्मीने नवव्या शतकात लिहिलेल्या पुस्तकामुळे अरबी जगात पसरले होते. लिओनार्डोने १२०२ साली ग्रंथ लिहिला आणि हे नऊ अंक हिंदुस्थानच्या लोकांचे आहेत असे त्यात स्वच्छ सांगितले. युरोपनेही त्यांना लगेच दार उघडले असे नाही. १२९९ साली फ्लॉरेन्सच्या सराफांच्या संघाने हिशेबाच्या वह्यांत हे अंक वापरण्यास बंदी केली. परंतु बंदी टिकली नाही, कारण ती विद्या पंडितांच्या घरांतून निघून दुकानदाराच्या पेढीवर, कारागिराच्या हातांत, खलाशाच्या नकाशात गेली होती. एकदा ती तेथे गेल्यावर तिला परत कोंडणे कोणाला शक्य झाले नाही.

पाटण्याच्या मठात ती गेली कोठे? शिलालेखाचा शेवटचा भाग जुन्या मराठीत आहे. बाजारात होणाऱ्या खरेदी-विक्रीवरचा काही भाग मठाला द्यावा आणि तेल्यांनी दर घाण्यामागे ठरावीक तेल द्यावे, अशी त्यात तजवीज आहे. बंधूंनो, या ठिकाणी क्षणभर थांबा. ज्याच्या घाण्याचे तेल त्या मठात जात होते त्या तेल्याचा मुलगा त्या उजेडात बसला काय? मठाचे अंगण झाडणाऱ्याची मुलगी 'लीलावती'तले एक तरी उदाहरण शिकली काय? शिलालेख याविषयी बोलत नाही. पण शूद्राने आणि स्त्रीने वेदविद्येजवळ जाऊ नये, आणि अस्पृश्याने तर उंबऱ्यापाशीही येऊ नये, असा ज्या धर्मशास्त्राचा दंडक होता त्याचे राज्य तेव्हा चालू होते. पिसा आणि पाटणे यांच्यामध्ये बुद्धीचे अंतर नव्हते. उलट त्या घडीला पाटणे पुढे होते. अंतर दाराचे होते. एकीकडे विद्या बाजारात उतरली, दुसरीकडे बाजाराने विद्येला तेल घातले आणि स्वतः अंधारात राहिला.

ज्यांना दाराबाहेर ठेवले त्यांनीच घर मोठे केले

येथे आपल्या शिकलेल्या मुलाला पुन्हा हाक मारली पाहिजे, कारण तो म्हणेल, "पाहा, शेवटी युरोपच थोर ठरला." तसे म्हणण्याची घाई त्याने करू नये.

अथेन्सच्या लोकशाहीची कीर्ती मोठी आहे. त्या लोकशाहीत स्त्रियांना मत नव्हते, परगावाहून येऊन राहिलेल्यांना मत नव्हते आणि गुलामांना तर माणूसपणच नव्हते. ॲरिस्टॉटलने काही माणसे निसर्गतःच गुलाम असतात असे प्रतिपादन केले. प्लेटोने सोने, रुपे आणि लोखंड-पितळ यांच्या मिश्रणाने माणसे घडली आहेत अशी कथा रचून समाजाचे वर्ग पाडले. ही कथा आपल्याला अनोळखी नाही. मुख, बाहू, मांड्या आणि पाय यांची कथा आपण पिढ्यान्‌पिढ्या भोगली आहे. बाबासाहेबांनी १९३६ साली जातिनिर्मूलनावर जो ग्रंथ प्रसिद्ध केला त्यात प्लेटोच्या या वर्गवारीला चातुर्वर्ण्याच्या शेजारी बसवून दोहोंचा दोष एकच असल्याचे दाखविले आहे. पाश्चात्यांचे म्हणून त्यांनी काही डोक्यावर घेतले नाही आणि पाश्चात्यांचे म्हणून काही झिडकारलेही नाही.

पुढचा इतिहासही तसाच. १७७६ साली अमेरिकेने सर्व माणसे समान आहेत असा जाहीरनामा काढला. त्यावर सही करणाऱ्यांपैकी अनेकांच्या घरी गुलाम होते. १७८९ साली फ्रान्सने मानवाच्या हक्कांची घोषणा केली. 'मानव' या शब्दात स्त्री येत नाही काय, असे विचारीत ऑलिंप द गूज हिने स्त्रियांच्या हक्कांचा जाहीरनामा लिहिला, आणि १७९३ साली तिचा शिरच्छेद झाला. फ्रान्सच्या ताब्यातील हैती बेटावरचे काळे गुलाम मात्र ती घोषणा शब्दशः खरी मानून १७९१ साली उठले. नेपोलियनच्या फौजेला हरवून १८०४ साली ते स्वतंत्र झाले. स्वातंत्र्य आणि समता हे शब्द पॅरिसमध्ये लिहिले गेले असतील. त्यांचा पूर्ण अर्थ काय, हे हैतीच्या उसाच्या मळ्यांतील लोकांनी जगाला शिकविले.

या कथेचा धागा आपल्या शेतापर्यंत येतो. इंग्लंडच्या लँकेशायरमधील गिरण्या अमेरिकेच्या दक्षिण भागातील कापसावर चालत आणि तो कापूस गुलाम पिकवीत. १८६१ ते १८६५ या काळात गुलामगिरीच्या प्रश्नावरून तेथे यादवी युद्ध पेटले. कापूस मिळेना, तेव्हा गिरण्या हिंदुस्थानकडे वळल्या. खानदेशच्या काळ्या जमिनीतील कापसाचा भाव चढला आणि युद्ध संपताच कोसळला. पश्चिमेची समृद्धी म्हणून जी आपल्याला दाखविली जाते, तिच्या कापडात अमेरिकेतील काळ्या मजुराचे रक्त आणि खानदेशातील शेतमजुराचा घाम असे दोन्ही धागे आहेत. मग तिचा सातबारा एकट्या गोऱ्या माणसाच्या नावावर कसा? ज्योतीराव फुल्यांनी हे ओळखले होते. १८७३ साली त्यांनी 'गुलामगिरी' हा ग्रंथ अमेरिकेतील ज्या सदाचारी लोकांनी काळ्या माणसांना दास्यातून सोडविण्यासाठी झीज सोसली, त्यांना अर्पण केला. युरोप-अमेरिकेच्या सत्तेला त्यांनी तो अर्पण केला नाही. तेथील अन्यायाशी भांडणाऱ्यांना केला. हा फरक आपण ध्यानात ठेवावा.

आणि इंग्रज सरकारने आपल्याला समता दिली म्हणावे, तर १८५६ साली धारवाडला एका महार विद्यार्थ्याने सरकारी शाळेत प्रवेश मागितला तेव्हा मुंबई सरकारने वरिष्ठ जातींच्या नाराजीचे कारण पुढे करून त्याला दार उघडले नाही. जगाला सुधारणा शिकविण्यासाठी आलेल्यांनी आपल्या सुधारणेची पहिली परीक्षा येताच माघार घेतली.

चाळीसगावचा टांगा

पाश्चात्य विद्या माणसाला काय देते आणि काय देऊ शकत नाही, याचे सर्वांत बोलके उदाहरण आपल्याच जिल्ह्यात घडले आहे. १९२९ साली अस्पृश्यांच्या तक्रारींच्या चौकशीसाठी सरकारने नेमलेल्या समितीचे सभासद म्हणून बाबासाहेब खानदेशात आले होते. धुळ्याच्या रेल्वेमार्गावरील एका गावी अस्पृश्यांवर बहिष्कार पडला होता, त्याची चौकशी करून ते चाळीसगावला परतले. तेथील आपल्या लोकांनी त्यांना रात्रभर राहण्याचा आग्रह केला. पाहुण्याला महारवाड्यापर्यंत पायी चालविणे लोकांना बरे वाटेना. पण टांगेवाला अस्पृश्याला बसवून टांगा हाकण्यास तयार होईना. शेवटी टांगा भाड्याने मिळाला आणि हाकणारा आपल्यापैकीच एक बसला, ज्याला टांगा हाकण्याची सवय नव्हती. नदीवरच्या फरशीवर चाक अडखळले, बाबासाहेब दगडांवर फेकले गेले, घोडा व टांगा नदीत गेला. त्यांच्या पायाचे हाड मोडले.

कोलंबिया विद्यापीठाची पीएच. डी., लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सची डी. एस्सी. आणि ग्रेज इनची बॅरिस्टरी ज्याच्यापाशी होती, असा माणूस तेव्हा मुंबई इलाख्यात शोधून तरी किती सापडला असता? ती सारी विद्या एका टांगेवाल्याच्या मनातील उच्चनीचतेपुढे कामास आली नाही. जो म्हणतो की, विलायती शिक्षण घेतले की जात आपोआप गळून पडते, त्याने त्या फरशीवर जाऊन उभे राहावे. आणि जो म्हणतो की, त्या विद्येचा काहीच उपयोग नाही, त्यानेही तेथेच उभे राहून पुढचा हिशेब करावा. याच पुरुषाने एकवीस वर्षांनी, २६ जानेवारी १९५० रोजी अंमलात आलेल्या संविधानाने, अस्पृश्यता नष्ट केल्याचे देशाकडून वदवून घेतले. टांगेवाल्याला आणि बॅरिस्टरला, जमीनदाराला आणि त्याच्या शेतावरील बाईला, एकाच दिवशी एकेक मत मिळाले. स्वित्झर्लंडसारख्या सुधारलेल्या देशात राष्ट्रीय निवडणुकीत स्त्रियांना मत मिळण्यास १९७१ साल उजाडावे लागले. तेव्हा या बाबतीत पश्चिमेने खानदेशातल्या खेड्याकडून शिकावे, असे म्हणावयास हरकत नाही.

हे सामर्थ्य कोठून आले? ३ ऑक्टोबर १९५४ रोजी आकाशवाणीवरील भाषणात बाबासाहेबांनी सांगितले की, स्वातंत्र्य, समता आणि बंधुता ही तत्त्वे आपण फ्रेंच राज्यक्रांतीपासून उसनी घेतलेली नाहीत. ती आपले गुरू भगवान बुद्ध यांच्या शिकवणीतून घेतली आहेत. काही लोकांना वाटते की, विलायतेचे ऋण नाकारण्यासाठी ते असे बोलले. तसे नाही. कोलंबियातील आपले गुरू जॉन ड्यूई यांच्याविषयीची कृतज्ञता त्यांनी कधी लपविली नाही. त्यांना एवढेच म्हणावयाचे होते की, नुसता कायदा समतेचे रक्षण करीत नाही. माणसामाणसांत बंधुभाव असेल तरच कायदा टिकतो, आणि बंधुभाव हे धम्माचे काम आहे. ज्या जर्मनीने जगाला थोर तत्त्वज्ञ, संगीतकार आणि शास्त्रज्ञ दिले, त्याच जर्मनीत १९३३ साली हिटलर सत्तेवर आला आणि सुमारे साठ लाख यहुद्यांची कत्तल झाली. विद्या होती, यंत्रे होती, विद्यापीठे होती, बंधुता नव्हती. बाबासाहेबांचे बोल किती खरे होते, याला याहून भयंकर पुरावा नको.

आपले घर आणि आपला उंबरा

येथवर आपण इतरांची दारे तपासली. आता आपले दार तपासू, कारण ते न तपासता हा लेख संपविला तर तो नुसता अभिमानाचा लेख होईल, आणि अभिमानाने कोणाचे घर सुधारत नाही.

अथेन्सची चूक काय होती? समता होती, पण ती उंबऱ्याच्या आत बसणाऱ्या काहींपुरती. आपल्या घरांत ती चूक होत नाही काय? भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर आहे. पण सोयरीक जुळविताना जुनी पोटजात हळूच विचारली जाते. मुलाला धुळ्याला वसतिगृहात ठेवण्यासाठी कर्ज काढले जाते. मुलीचे शिक्षण मात्र गावातली शाळा संपली की संपते. विहारात सभा भरते तेव्हा भगिनी मागे बसतात आणि बोलण्याचे काम पुरुषांकडे राहते. आपल्यापेक्षा ज्यांचे हाल अधिक आहेत असे सातपुड्यातील आदिवासी आणि भटके-विमुक्त आपल्या वस्तीशेजारी पाल टाकतात, तेव्हा त्यांच्याशी आपण कोणत्या भाषेत बोलतो? प्रत्येकाने आपल्या मनाला विचारावे. पाटण्याच्या मठाने तेल घेतले आणि दार लावले, म्हणून आपण त्याला दोष दिला. आपले दार लावलेले राहिले तर उद्या आपलीच मुले आपल्याला तोच दोष देतील आणि तो खरा असेल.

जळगावच्या विद्यापीठाला २०१८ साली कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव देण्यात आले. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. ज्या स्त्रीला शाळेचे दार कधी उघडले नाही, तिचे नाव आज आपल्या प्रदेशातील विद्येच्या सर्वांत मोठ्या दारावर आहे. तुमच्या मुलीने त्या दारातून आत जावयाचे, तर पहिले दार तुमच्या घराचे आहे आणि त्याची कडी तुमच्या हातात आहे.

म्हणून माझे सांगणे थोडक्यात असे. पारावरच्या गृहस्थाला सांगा की, समता परकी नाही, आणि ती परकी असती तरी सत्य म्हणून आम्ही तिला घरात घेतले असते. आपल्या मुलाला सांगा की, पश्चिमेची विद्या मनसोक्त शिक. इंग्रजी शिक, विज्ञान शिक, लंडन-न्यूयॉर्कला जाता आले तर जरूर जा. पण मान खाली घालून जाऊ नकोस, कारण ज्या इमारतीत तू शिरतो आहेस तिच्या पायात तुझ्या देशाचे अंक आहेत, तुझ्यासारख्याच दास्यात पिचलेल्या माणसांचे बंड आहे आणि तुझ्या खानदेशाचा कापूस आहे. आणि मुलीला हेच सारे, एक अक्षरही न गाळता, सांगा. येत्या सुट्टीत मुलांना घेऊन पितळखोरे आणि पाटणे या दोन्ही ठिकाणी जा. एका डोंगरात दार उघडे ठेवणाऱ्यांचे काम दिसेल, दुसऱ्या ठिकाणी दार लावून घेणाऱ्यांच्या विद्येचे काय झाले ते कळेल. दोन्ही ठिकाणे आपलीच आहेत. त्यांतील कोणाचा वारसा पुढे चालवावयाचा, हे ठरविण्याचा अधिकार पूर्वी आपल्याला नव्हता. आता तो आहे. जय भीम.